दहा छेद बारा : एका नाकारलेल्या क्लेमचं प्रकरण

मामांच्या केसपेपरवर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी निळ्या पेनानं एक ओळ लिहिली होती : 'के/सी/ओ एचटीएन × १०/१२'. डिस्चार्ज कार्ड टाइप करताना तिचं झालं 'गेली १०-१२ वर्षं उच्च रक्तदाब'. या एका ओळीपायी २ लाख ७० हजारांचं बिल घरावर आलं, पॉलिसी रद्द करण्याची नोटीस आली आणि आठ महिने आमच्याकडे दुसरा विषय निघाला नाही.

मी सांगलीत औषधाचं दुकान चालवते. डॉक्टरांची अक्षरं लावणं हे माझं रोजचं काम, तरीही ही चूक माझ्या हाती लागायला तीन आठवडे गेले. आमच्यावर जे आलं ते कुठल्याही घरावर येऊ शकतं, म्हणून सगळं तारीखवार लिहून ठेवते आहे. लिहायला मामांची परवानगी आहे. "गोळ्यांचं लिही," ते म्हणाले, "कशामुळं चालू झाल्या ते लिहू नको." तेवढं मी पाळलं आहे.

पॉलिसी आणि आधीची तब्येत

मामा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत शेजारच्या घरातली दोन माणसं गेली, तेव्हा जून २०२१ मध्ये त्यांनी स्वतःची आणि मामींची मिळून ५ लाखांची आरोग्य विमा पॉलिसी काढली. वय ५६ असल्यामुळे कंपनीनं आपल्या ठरलेल्या लॅबमध्ये तपासणी करून घेतली. त्या दिवशी रक्तदाब १२८/८२ होता, साखर बेताची, ईसीजी साधा. तो रिपोर्ट कंपनीकडे गेला. एक प्रत मामींनी लग्नाच्या फोटोंच्या पेटीत ठेवली. पुढं ह्या पेटीनंच आम्हाला तारलं. हप्ता एकदाही चुकला नाही.

एप्रिल २०२४ मध्ये डोकं जड होतंय म्हणून मामा गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. आठवड्यात दोनदा मोजून रक्तदाब १६०/१०० च्या आसपास निघाला आणि टेल्मिसार्टन ४० सुरू झाली. म्हणजे ब्लडप्रेशरचं निदान पॉलिसी काढल्यावर जवळपास तीन वर्षांनी झालं. विम्याच्या भाषेत 'आधीपासून असलेला आजार' म्हणतात तो हा नव्हे. फॉर्म भरताना जो आजार नव्हताच, तो लपवण्याचा प्रश्न येत नाही.

११ फेब्रुवारी २०२५

मंगळवारी पहाटे साडेचारला मामांना छातीत दाब जाणवला. घाम सुटला. त्यांनी सोडा घेतला, मग पित्ताची गोळी घेतली आणि पडून राहिले. 'गॅस झाला असंल' हे वाक्य आपल्याकडे किती जणांचा पहिला तास खातं! मामा हात डाव्या खांद्याकडे नेऊन दाबायला लागले तेव्हा मामींनी दादाला उठवलं. सहा वाजून दहा मिनिटांनी ते मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पोचले.

तिथं जे झालं ते उत्तम झालं, हे आधी सांगते, कारण पुढं मी बऱ्याच तक्रारी करणार आहे. दहा मिनिटांत ईसीजी निघाला. त्यातला एसटी नावाचा भाग उंचावलेला होता, म्हणजे हृदयाची एक रक्तवाहिनी पूर्ण बंद. डॉक्टर आपसात त्याला 'स्टेमी' म्हणतात, कागदावर 'एडब्ल्यूएमआय' लिहिलं जातं : हृदयाच्या पुढच्या भिंतीला आलेला झटका. ॲस्पिरिन आणि जोडीची रक्त पातळ ठेवणारी गोळी मोठ्या डोसात चावायला दिली. रुग्ण दारात आल्यापासून बंद नळी फुग्यानं उघडेपर्यंत ९० मिनिटांच्या आत काम व्हावं, असा दंडक पाळला जातो. मामांची नळी पाऊण तासावर थोडा वेळ गेला असेल तेवढ्यात उघडली. एलएडी नावाच्या मुख्य नळीत औषध लावलेला एक स्टेंट बसला. दोन दिवसांनी टू-डी एकोत ईएफ, म्हणजे एका ठोक्यात हृदयातलं किती रक्त बाहेर ढकललं जातं तो आकडा, ४५ टक्के आला. निरोगी हृदयात हा आकडा साधारण ५५ च्या वर असतो. कार्डिओलॉजिस्ट मामींना म्हणाले, "आजी, वेळेत आणलंत." मामींचं वय ५४. त्या आजी म्हटल्याचंही विसरल्या, एवढा तो दिलासा होता.

याच गडबडीत इतिहास लिहून घेतला गेला. मिरजेच्या कॅज्युअल्टीत अथणी, चिक्कोडीकडून कन्नड बोलणारे रुग्ण येतात, सोलापूर-जतकडचे येतात, निवासी डॉक्टर कधी विदर्भातले असतात तर कधी परराज्यातले. त्या पहाटेचे डॉक्टर हिंदीतून विचारत होते. दादानं सांगितलं, बीपीची गोळी दहा महिन्यांपासून चालू आहे. डॉक्टरांनी ते बरोबर टिपलं.

ही लिपी थोडी उलगडून सांगते. 'सी/ओ' म्हणजे रुग्णाची तक्रार काय. 'एच/ओ' म्हणजे अमुक गोष्टीचा इतिहास. 'के/सी/ओ' म्हणजे अमुक आजार असल्याचं आधीपासून माहीत. 'एचटीएन' म्हणजे उच्च रक्तदाब, 'डीएम' म्हणजे मधुमेह. आणि काळ लिहायची एक जुनी वैद्यकीय पद्धत आहे, आपल्याकडच्या अनेक डॉक्टरांच्या हाताला ती अजून आहे : छेदाखाली ७ असेल तर दिवस, ५२ असेल तर आठवडे, १२ असेल तर महिने. ३/७ म्हणजे तीन दिवस, २/५२ म्हणजे दोन आठवडे. १०/१२ म्हणजे दहा महिने. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या कोणालाही तो 'दहा ते बारा' असाच दिसणार, आणि पुढं 'वर्षं' हा शब्द त्यानं मनानं जोडला तर त्यालाही फार दोष देववत नाही. दोष आहे तो टाइप केलेला मजकूर न वाचता सही होण्याचा.

डिस्चार्जचा रविवार

१६ फेब्रुवारीला सकाळी दहाला डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं. नाव दाखल होतानाच कॅशलेससाठी अर्ज गेला होता आणि ७५ हजारांची पहिली मंजुरीही आली होती. आता अंतिम बिल आणि डिस्चार्ज कार्ड विमा कंपनीकडे जायचं, तिथून होकार आला की गाडी बोलवायची, एवढंच राहिलं होतं. विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. त्याहून उशीर झाला आणि रुग्णालयानं जादा आकार लावला तर तो कंपनीनं सोसायचा असतो. आम्हाला यातलं तेव्हा काही माहीत नव्हतं.

एक वाजता कंपनीकडून शंका आली : रक्तदाब किती वर्षांपासून, पहिल्या तपासणीचा कागद पाठवा. आणि इथं या प्रकरणातला मला सर्वांत जास्त लागलेला भाग घडला.

विमा खिडकी बिलिंगच्या हॉलमध्ये आहे. समोर तीसेक माणसं बसलेली, त्यात मामांच्या डेपोतले दोघं, भेटायला आलेले. खिडकीतला मुलगा डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन मामींना मोठ्यानं विचारायला लागला. दारू घेतात का, किती? तंबाखू? बीपी दहा-बारा वर्षांचं आहे ना? आणि मग औषधांची यादी वाचत, "ही एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम कशाला चालू आहे? डिप्रेशनची ट्रीटमेंट आहे का?"

मामींना माहीत नव्हतं. दादाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मामा २०२३ पासून या गोळ्या घेत होते. माझं दुकान त्यांच्या घरापासून तीन गल्ल्यांवर, आणि गोळ्या ते विश्रामबागेतल्या कुठल्याशा दुकानातून आणायचे, मला कळू नये म्हणून. कॅज्युअल्टीत जिवाच्या भीतीनं त्यांनी डॉक्टरांना खरं सांगितलं. सांगायलाच हवं होतं. दुसऱ्या औषधांबरोबर काय चालेल, काय नाही, हे त्यावर ठरतं. रुग्ण डॉक्टरला खरं सांगतो ते ती गोष्ट तिथंच राहील या भरवशावर. तो भरवसा हॉलमध्ये तीस माणसांसमोर मोडला.

मामी काही बोलल्या नाहीत. पदर डोक्यावर घेऊन खुर्चीवर बसल्या. डेपोतले दोघं उठून बाहेर चहाला गेले, मुद्दाम गेले, आणि त्यांचं हे वागणं मी विसरणार नाही.

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरनं रुग्णाची गुपितं राखायची असतात. मानसिक आजारांबाबत २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आणखी स्पष्ट आहे. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, आणि त्याच कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्या बरोबरीनं संरक्षण द्यावं असं म्हटलं आहे. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. कायदे आहेत. पण त्या खिडकीला काच होती, आणि काचेला बोलण्यासाठी पाडलेलं भोक माणसाच्या तोंडापेक्षा वीतभर खाली होतं, त्यामुळे आतल्याला ओरडावंच लागत होतं. खिडकीशेजारी एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकल्या असत्या तर हा प्रसंग टळला असता.

डामा

संध्याकाळी सहाला कॅशलेस नाकारल्याचा निरोप आला. दादाचा पारा चढला. "पैसे भरत नाही, पेशंट घेऊन जातो," असं तो म्हणाला आणि काउंटरवरून कोणीतरी एक फॉर्म पुढं केला. मजल्यावरच्या सिस्टर बिलासाठी फाइल घेऊन खाली आल्या होत्या. त्यांनी फॉर्म पाहिला आणि दादाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "सही करू नका हो. हा डामा आहे."

डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जाणं. कुठं त्याला लामा म्हणतात. मामांना डॉक्टरांनीच घरी सोडलं होतं. त्या फॉर्मवर सही झाली असती तर कागदोपत्री ते उपचार अर्धवट टाकून गेलेले रुग्ण ठरले असते आणि पुढच्या भांडणात कंपनीच्या हाती आयतं कारण गेलं असतं. त्या सिस्टरांचा मी एवढाच उल्लेख करू शकते. त्यांची बारा तासांची पाळी संपत आली होती.

पैसे भरले. दादाचे ८० हजार, माझे ५०, उरलेले मामींच्या पाटल्या आणि गोठ गहाण टाकून सोमवारी सकाळी. मामा एक रात्र जास्त राहिले; त्या रात्रीचं भाडं रुग्णालयानं लावलं नाही, हेही नमूद करते. महात्मा फुले जन आरोग्य योजना आठवली ती तिसऱ्या दिवशी. आता ती सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे आणि कुटुंबामागं ५ लाखांपर्यंत आहे, पण योजनेच्या यादीतल्याच रुग्णालयात चालते. आमचं नव्हतं. पहाटे छाती धरून बसलेल्या माणसाला घेऊन यादी कोण बघत बसणार?

ओळ सापडली

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम संपला असं नसतं. बिलं भरून नंतर परताव्याचा दावा करता येतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तो करायला बसलो आणि मी दादाला म्हटलं, नुसतं डिस्चार्ज कार्ड नको, पूर्ण इनडोअर केसपेपर मागू. रेकॉर्ड विभागातून, म्हणजे एमआरडीतून, पहिलं उत्तर आलं की असं देत नाही. त्याच २००२ च्या आचारसंहितेत दोन गोष्टी आहेत : दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे, आणि रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितले की ७२ तासांत द्यायचे. मी मामांच्या सहीचा दोन ओळींचा अर्ज दिला, त्यात हा ७२ तासांचा उल्लेख केला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. तिसऱ्या दिवशी ४३ पानांच्या झेरॉक्स मिळाल्या.

दुसऱ्याच पानावर '१०/१२' होतं. मी दुकानाच्या काउंटरवर उभी होते, समोर खोकल्याचं औषध मागणारी बाई होती, आणि माझे हात कापायला लागले.

आम्ही कार्डिओलॉजिस्टना भेटलो. त्यांनी पान बघितलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "माझी सही आहे. मी वाचायला हवं होतं." असं म्हणणारा डॉक्टर भेटणं हे भाग्य. डिस्चार्ज कार्डावर खाडाखोड करायची नसते. तसं केलं तर तेच संशयास्पद ठरतं. त्यांनी लेटरहेडवर, तारीख, सही आणि नोंदणी क्रमांकासह खुलासा दिला : मूळ नोंद १०/१२ अशी असून तिचा अर्थ दहा महिने आहे, टंकलेखनात चूक झाली.

संगणकातली ओळ मात्र बदलली नाही. ऑगस्टमध्ये मामा तपासणीला गेले तेव्हा छापून आलेल्या कागदावर पुन्हा १०-१२ वर्षंच होतं. मी परत अर्ज दिला. आजही कुठल्याही नव्या कागदावर आम्ही ती ओळ आधी शोधतो.

चौकशी, आणि एक कागद

दाव्यानंतर कंपनीचा चौकशी माणूस आला. मामांशी बोलला, तोवर ठीक होतं. मग शेजाऱ्यांकडे गेला आणि विचारलं, यांना किती वर्षांपासून बीपी आहे, कधी चक्कर येऊन पडले होते का. फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन रजिस्टर मागितलं. डॉक्टर सत्तरीतले, धोतर नेसून दवाखान्यात बसणारे. त्यांनी विचारलं, "रुग्णाच्या सहीचं पत्र आहे?" नव्हतं. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही मामांचं पत्र नेऊन दिलं तेव्हा एप्रिल २०२४ च्या नोंदीची प्रत त्यांनी स्वतः लिहून, शिक्का मारून दिली.

पॉलिसीच्या अटींत कंपनीला वैद्यकीय कागद मागवण्याची मुभा आपण सहीनिशी देतो, हे खरं. पण ती मुभा रुग्णाच्या डॉक्टरांकडच्या कागदांपुरती असते. शेजाऱ्यांच्या ओट्यावर माणसाच्या तब्येतीची उजळणी करायला ती कोणी दिलेली नाही, असं माझं मत आहे.

आता त्या कागदाविषयी. मामांच्या मनोविकारतज्ज्ञांच्या २०२३ च्या चिठ्ठीवर प्रत्येक भेटीला रक्तदाब लिहिलेला होता : १२६/८०, १३०/८४, १२४/८०. २०२३ साली मामांना उच्च रक्तदाब नव्हता याचा याहून भक्कम पुरावा नव्हता. मी हरखून गेले. हा जोडला की संपलं, असं म्हणाले. मामा म्हणाले, "नको."

मी तीन दिवस त्यांच्या मागं लागले. नाव तर डिस्चार्ज कार्डावर आलंच आहे, आता काय लपवायचं, असंही बोलून गेले. ते माझं चुकलं. औषधाचं नाव बाहेर फुटणं वेगळं आणि कुठल्या तारखेला, कुणाकडं, काय सांगितलं याची पानं एका अनोळखी कचेरीत जाणं वेगळं. चिठ्ठीवर डॉक्टरांनी दोन दोन ओळींत मामांनी सांगितलेलं टिपलं होतं. चौथ्या दिवशी मामी मला म्हणाल्या, "त्यांना नको वाटतंय न्हवं? मग आपण पैशाला मुकू. चालंल." घरातले दागिने गहाण असलेली बाई हे म्हणत होती. मी तो कागद मामांना परत दिला.

मग पेटीतला २०२१ चा रिपोर्ट निघाला. कंपनीनंच नेमलेल्या लॅबचा, १२८/८२. एका दिवसाच्या मोजणीवरून सगळा भूतकाळ सिद्ध होत नाही, पण कॅज्युअल्टीचं मूळ पान, कार्डिओलॉजिस्टांचा खुलासा आणि फॅमिली डॉक्टरांची नोंद यांच्यासोबत तो ठेवला की चित्र पुरं होत होतं.

नकार, तक्रार, लोकपाल

एप्रिलमध्ये परतावाही नाकारला गेला. पत्रात अट क्रमांक होता आणि 'महत्त्वाची माहिती दडवली' असं वाक्य. सोबत पॉलिसी रद्द करण्याची नोटीस. पॉलिसी सलग ६० महिने चालली की त्यानंतर माहिती दडवल्याचं कारण कंपनीला पुढं करता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच गोष्ट वेगळी. पूर्वी ही मुदत आठ वर्षं होती, २०२४ मध्ये पाच झाली. आमचे जून २०२१ पासून ४४ महिने झाले होते. त्यामुळे हा आधार आम्हाला नव्हता. वस्तुस्थितीवरच लढायचं होतं.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहिलं. दोन आठवड्यांत उत्तर आलं, जुनंच. मग जूनमध्ये पुण्याच्या विमा लोकपालांकडे. लोकपालांकडे फी नसते आणि वकील लागत नाही, किंबहुना चालतही नाही. कंपनीनं नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथं जातात. दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. पटला नाही तर ग्राहक आयोगाची वाट उघडी राहते. अर्ज आम्ही मराठीतून केला. तीन पानं, तारखांचा तक्ता आणि चार कागद.

सप्टेंबरमध्ये व्हिडिओवर सुनावणी झाली. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यांवर फोन टेकवून. कंपनीच्या प्रतिनिधी बाई सभ्य होत्या. त्यांनी डिस्चार्ज कार्ड वाचून दाखवलं. आम्ही दुसरं पान दाखवलं. १०/१२ म्हणजे काय हे मी सांगायला लागले तर लोकपाल म्हणाले, रुग्णाला बोलू द्या. मामा म्हणाले, "साहेब, गाडीच्या लॉगबुकात दहा लिटर डिझेलचं कुणी शंभर केलं तर मेकॅनिकची नोकरी जाते. माझ्या बुकात हे बदललंय. मी काय लपवलं नाही." त्यांचा आवाज शेवटी बसला. बारा मिनिटांत सगळं उरकलं.

ऑक्टोबरमध्ये निवाडा आला : पॉलिसी पूर्ववत, क्लेम अटींप्रमाणे द्यावा.

खोलीभाड्याचं गणित

'अटींप्रमाणे' या शब्दावर अजून एक फेरी झाली. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार होती. आयसीयूतून बाहेर काढताना ६,५०० ची खोली मिळाली, स्वस्तातली रिकामी नव्हती. अशा वेळी कंपनी बाकीचा खर्चही त्याच प्रमाणात कापते, कारण बऱ्याच रुग्णालयांत महाग खोलीतल्या रुग्णाला शस्त्रक्रियेचे आणि डॉक्टरांचे दरही चढे लागतात. बहुतेकांना ही प्रमाणशीर कपात बिल हातात आल्यावर कळते.

कंपनीनं हातमोजे, फाइल असले ४ हजार वजा करून उरलेल्या २ लाख ६६ हजारांवर सरसकट कात्री लावली आणि २,०४,६१५ रुपये देऊ केले. पण २०२० च्या नियामकाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही कपात औषधं, वापरून टाकायचं साहित्य, स्टेंटसारखी रोपणं, तपासण्या आणि आयसीयूचा आकार यांना लावता येत नाही. खोलीचे तीन दिवस १९,५०० ऐवजी १५ हजार. प्रोसिजर आणि डॉक्टरांच्या भेटी मिळून १ लाख १७ हजार, त्यांना कपात लावून ९० हजार. बाकी स्टेंट ३८ हजार, आयसीयू २४ हजार, औषधं-साहित्य ४६,५०० आणि तपासण्या २१ हजार, हे पूर्ण. बेरीज २,३४,५०० रुपये. फरक २९,८८५ चा. एका कागदावर हे गणित मांडून त्या सूचनांच्या उल्लेखासह पाठवलं, आणि आठ दिवसांत दुरुस्त रक्कम मान्य झाली. कोणाशी वाद घालावा लागला नाही. बिल मात्र बाबवार, प्रत्येक खर्च वेगळा दाखवणारं असावं लागतं. एकगठ्ठा पॅकेजचं असतं तर हे मांडता आलं नसतं.

नोव्हेंबर

पैसे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खात्यावर आले. मामींच्या पाटल्या सुटल्या, गोठ अजून सुटायचे आहेत. व्याज आम्ही धरलंच नव्हतं. ईएफ आता ५० आहे. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला मी विमा खिडकीबद्दल पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलेलं नाही.

त्या महिन्याच्या अखेरीस एका दुपारी, दुकानात कोणी नव्हतं तेव्हा, मामा आले. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी, टेल्मिसार्टन, हे नेहमीचं मी काढायला लागले. त्यांनी खिशातून आणखी एक घडी केलेली चिठ्ठी काढली आणि काउंटरवर उपडी ठेवली. मी ती उचलली, एस्सिटालोप्रामच्या दोन स्ट्रिप्स खाकी पाकिटात घातल्या आणि पाकिटावर लिहिलं, 'रात्री झोपताना'. चिठ्ठी परत दिली तेव्हा तिच्यावरच्या बाकीच्या ओळी मी वाचल्या नव्हत्या.